बारमाही सिनेमा

माझे भांडण सिनेमाशी नाही, चित्रपट महोत्सवाशी आहे. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकलेले बरे. आमच्या पाथर्डीत माणूस कोणाच्या विरुद्ध आहे हे कळल्याखेरीज त्याचे पुढचे कोणी ऐकून घेत नाही.

पाथर्डी तालुका नगर जिल्ह्यातला. (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण एस.टी.त बसताना तोंडात अजून 'एक नगर द्या' असेच येते.) पर्जन्यछायेतला मुलूख. ढग येतात, आमच्याकडे पाहतात आणि कोणाला तरी भेटायची घाई असल्यासारखे पुढे निघून जातात. त्यामुळे इथल्या पोराला मुळाक्षरांच्या आधी पाण्याचे दोन प्रकार कळतात : एक विहिरीचे आणि एक टँकरचे. टँकर येतो तेव्हा केवढा थाट असतो! हंड्यांची रांग, रांगेवरून भांडणे, भांडणावरून जुनी भांडणे, पुढारी उभे, फोटोवाला उभा. अर्ध्या तासात टँकर निघून जातो. मागे ओला रस्ता आणि पोचे आलेले दोन हंडे उरतात. विहिरीचा फोटो कोणी काढीत नाही. ती गुपचूप पाणी देत राहते.

चित्रपट महोत्सव हा टँकर आहे. मला विहीर हवी आहे, आणि तीही बारमाही.

एका मोठ्या शहरातल्या महोत्सवाला मी पाच दिवस हजेरी लावलेली आहे, तेव्हा हे ऐकीव नव्हे. दारातच गळ्यात ओळखपत्र आणि खांद्यावर कापडी पिशवी अडकवतात. पिशवीत एक जाडजूड पुस्तक असते. त्यातले वेळापत्रक कळायला जन्मभर एस.टी.ने फिरलेला माणूसच पाहिजे. सकाळी नऊला हंगेरी, साडेअकराला इराण, दोन वाजता जेवणाऐवजी मेक्सिको, पुढे पोलंड आणि रात्री झोपायला जपान! तिसऱ्या दिवशी माझ्या शेजारचे गृहस्थ हळूच म्हणाले, "काय हो, तो इराणातला पोरगा या पोलंडच्या म्हातारीकडे कधी आला?"

"अहो, तो सिनेमा मघाशीच संपला. मधे आपण चहा पिऊन आलो."

"तरीच!" ते म्हणाले, "मला वाटलं, हीच कलात्मकता!"

पाच दिवसांत पंचवीस चित्रपट पाहायचे आणि उरलेले तीनशे साठ दिवस त्यांच्याबद्दल बोलायचे, हे म्हणजे दिवाळीच्या चार दिवसांत वर्षाचे जेवण उरकून पुढच्या दिवाळीपर्यंत ढेकर देण्यासारखे आहे. बरे, ही दिवाळी तरी कोणाची? मुंबईची, पुण्याची, फार तर कोल्हापूर-नाशिकची. तालुक्याच्या गावाला तिचे फटाकेसुद्धा ऐकू येत नाहीत.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. पाथर्डीत एक लहानसे चित्रपटगृह हवे. दीडशे-दोनशे खुर्च्यांचे. गावाने वर्गणी काढून उभे केलेले, नफ्याच्या भानगडीत न पडणारे, आणि आठवड्यातून निदान दोनदा, बारा महिने, चांगला चित्रपट दाखवणारे. भाषा कुठलीही चालेल. खाली इंग्रजी अक्षरे असली तर ती मराठीत वाचून दाखवायला एक खणखणीत आवाजाचा माणूस उभा करू. मूकपटाच्या काळात पडद्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचणारे लोक असतच. आमच्याकडे यात्रेत हरवलेल्या पोरांची नावे पुकारणारे असे काही आवाज आहेत, की जपानी सिनेमासुद्धा त्यांच्यापुढे घाबरून मराठी बोलू लागेल.

ही मागणी मी चारचौघांत मांडली तेव्हा पहिला आक्षेप आमच्या वकीलसाहेबांनी घेतला. आक्षेप घेणे हा त्यांचा धंदाच आहे, पण हा त्यांनी फी न घेता घेतला.

"सर, तुमचा हेतू चांगला आहे हो. पण आपल्या पब्लिकला आर्ट फिल्म झेपायची नाही."

'आपलं पब्लिक' असे म्हणणारा मनुष्य स्वतःला त्या पब्लिकमध्ये कधीही धरत नाही, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

"आर्ट फिल्म म्हणजे काय, वकीलसाहेब?"

"आता काय सांगायचं! एक माणूस विहिरीकडं बघतो. मग विहीर माणसाकडं बघती. मग मध्यंतर."

मी त्यांना विचारले, की सप्ताहात महाराज एका अभंगाच्या चार चरणांवर दोन-दोन तास कीर्तन करतात. त्यात मारामारी नाही, नायिका नाही, मध्यंतर नाही, आणि शेवट काय होणार हे पहिल्या मिनिटापासून सगळ्यांना ठाऊक असते. तरी मंडप भरतो. निरक्षर बाई मांडी घालून बसते, आणि महाराजांनी एखादा दृष्टान्त आखडता घेतला तर बरोबर ओळखते. ही बाई 'न समजणाऱ्या पब्लिक'मध्ये कशी बसते?

आणि सिनेमाचेच सांगायचे तर प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' घ्या. १९३६ साल. दामले-फत्तेलालांचे दिग्दर्शन, विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. जगातल्या जाणकारांनी मान डोलावली. आणि तोच चित्रपट माझी आजी तंबूत बघायला गेली, तेव्हा चपला बाहेर काढून गेली. व्हेनिसच्या परीक्षकांनी चपला काढल्या होत्या की नाही हे मला ठाऊक नाही. पण चित्रपट एकच होता. आजीला कोणी सांगितले नव्हते, की बाई, ही आर्ट फिल्म आहे, तुला झेपायची नाही. सांगितले असते तर ती चपला काढायच्याऐवजी हातात घेऊन आली असती.

व्हेनिस राहू द्या. 'बायसिकल थीव्ह्ज' हा इटालियन चित्रपट १९४८चा. १९५२ साली मुंबईत आपल्या देशातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, त्यात तो दाखवला होता. त्यावर विद्वानांनी ढीगभर पुस्तके लिहिली आहेत. गोष्ट काय? एका बेकाराला भिंतीवर पोस्टरे चिकटवायचे काम मिळते, पण अट अशी की स्वतःची सायकल पाहिजे. सायकल गहाण पडलेली. बायको घरातल्या चादरी गहाण टाकून ती सोडवते. कामाच्या पहिल्याच दिवशी सायकल चोरीला जाते. बाप आणि लहानगा पोरगा सगळे रोम शहर पालथे घालतात. शेवटी बाप स्वतःच एक सायकल चोरायला जातो, पकडला जातो, पोराच्या देखत चार लोक त्याला गचांडी देतात. लोक सोडून देतात तेव्हा पोरगा गर्दीत बापाचा हात धरतो. संपला सिनेमा.

आता मला सांगा, यातले पाथर्डीकराला काय कळणार नाही? गहाण? बेकारी? चोरीची फिर्याद लिहून घ्यायचा कंटाळा? की पोरासमोर बापाची गेलेली अब्रू? उलट पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला 'सायकलीवाचून नोकरी जाते' ही गोष्ट पुस्तक वाचून समजून घ्यावी लागेल. वकीलसाहेबांकडे असली एक केस आत्तासुद्धा चालू असेल.

माझे हे बोलणे हवेतले वाटू नये म्हणून कर्नाटकातले एक उदाहरण देतो. शिमोगा जिल्ह्यात सागर तालुक्यात हेग्गोडू नावाचे खेडे आहे. सुपारीच्या बागांतले. तिथे १९४९ साली 'नीनासम' ही नाट्यसंस्था निघाली. के. व्ही. सुब्बण्णा हे तिचे प्राण. १९७३ साली त्यांनी तिथे फिल्म सोसायटी काढली आणि गावातल्या लोकांना जगभरचे चित्रपट दाखवायला सुरुवात केली. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधले प्रा. सतीश बहादूर तिथे जाऊन चित्रपट कसा पाहावा ते शिकवीत. सुपारी फोडणारी माणसे हे पाहत आणि त्यावर वादही घालीत. सुब्बण्णांना १९९१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हेग्गोडूला जे झेपते ते पाथर्डीला झेपत नाही, असे म्हणणाऱ्याने आधी तालुक्याची जाहीर माफी मागावी.

महाराष्ट्रात तरी ही चळवळ कुठे नवी आहे? फिल्म सोसायट्यांचा देशव्यापी संघ १९५९ साली झाला, तेव्हा अध्यक्ष होते सत्यजित राय. मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ निघाले. त्याच्या आधी, १९६४ साली, पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झाले. त्या काळी या सोसायट्यांना मोठी गर्दी असे. सभासदांसाठीच्या परदेशी चित्रपटांना सेन्सॉरच्या कात्रीतून सूट होती, आणि काही सभासदांची कलेवरची निष्ठा नेमकी तेवढ्याच लांबीची होती, असे जुने लोक डोळे मिचकावून सांगतात. ते काही का असेना, निम्मे लोक कात्रीसाठी आले तरी निम्मे सिनेमासाठी आलेच की! पुढे ऐंशीच्या दशकात घरोघर टीव्ही आला, व्हिडिओ आला, आणि बऱ्याच सोसायट्या वाळल्या. का वाळल्या? पुष्कळांना स्वतःचा पडदाच नव्हता. कोणाच्या तरी थिएटरात रविवारी सकाळी, त्याची मर्जी असेल तोवर, उसन्या अंधारात बसायचे. भाड्याच्या विहिरीवर कोणी बाग लावतो का?

दुसरा आक्षेप पैशांचा. तो आमच्या एका व्यापारी स्नेह्यांनी घेतला. "नफा नाही म्हणता? मग काढता कशाला?"

या प्रश्नाला जगात उत्तरे बरीच आहेत. न्यूयॉर्कमध्ये 'फिल्म फोरम' नावाचे असेच बिननफ्याचे चित्रपटगृह आहे. १९७० साली ते निघाले तेव्हा भांडवल होते पन्नास घडीच्या खुर्च्या आणि एक प्रोजेक्टर. आज पन्नास वर्षांहून अधिक काळ ते चालू आहे. पण न्यूयॉर्कचे नाव काढले की आमचे व्यापारी म्हणणार, "तिकडं डॉलर आहेत!" म्हणून शेजारच्या गुजरातचे सांगतो. श्याम बेनेगलांचा १९७६चा 'मंथन' कोणी काढला? पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी, प्रत्येकी दोन रुपये घालून. म्हैस दुभती राहिली, सिनेमाही झाला, आणि २०२४ साली तो नव्याने दुरुस्त होऊन कान महोत्सवात दाखवला गेला. दोन रुपयांवर एवढा परतावा आमच्या व्यापारी स्नेह्यांनी उभ्या हयातीत पाहिला नसेल.

आणि गुजरात तरी कशाला? आमच्या तालुक्यात गावोगाव हरिनाम सप्ताह होतात. कोणी ज्वारी देतो, कोणी डाळ, कोणी मंडपाचे भाडे, ज्याच्याकडे काही नाही तो वाढप्या होतो. काल्याच्या दिवशी ध्वनिक्षेपकावरून हिशोब वाचला जातो. शिल्लक उरली तर पुढल्या वर्षाला, तूट आली तर एखादा उठून म्हणतो, "लावा माझ्या नावावर." ना नफा, ना तोटा हे तत्त्व आम्ही अर्थशास्त्राच्या पुस्तकातून घेतले नाही, पंगतीतून घेतले. ज्या गावाला सात दिवस हजार माणूस जेवू घालता येते, त्याला आठवड्यातून दोनदा पडदा लावता येत नाही?

हिशोबही करून पाहा. समजा, तीनशे घरांनी महिना पन्नास रुपये दिले. पन्नास रुपयांत आज धड मिसळही येत नाही. महिन्याला पंधरा हजार झाले, वर्षाला एक लाख ऐंशी हजार. यात प्रोजेक्टर येणार नाही हे मलाही कळते. पण वीजबिल, चालवणाऱ्याचा पगार, चित्रपटांच्या हक्काचे पैसे यांची सुरुवात होते. प्रोजेक्टरसाठी देणगीदार पाहू. देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर दात्याचे नाव असते आणि पंखा सुरू झाला की नाव वाचता येत नाही, म्हणून काही दाते पंखा बंद ठेवायला सांगतात. सिनेमात ती अडचण नाही. पडदा लागायच्या आधी नाव, मध्यंतरात नाव, शेवटी नाव. हवे तर नायकाच्या आधी नाव!

तिसरा आक्षेप माझ्या घरातूनच आला. पुतण्या म्हणाला, "काका, आता सगळं मोबाइलवर आहे. कोण येणार तुमच्या खुर्च्या झिजवायला?"

सगळे मोबाइलवर आहे, हे खरे. तेच तर दुखणे आहे. आमच्या घरात रात्री पाच माणसे पाच मोबाइलवर पाच निरनिराळ्या वेळी हसतात. दारात पाहुणा आला तर त्याला वाटते, आपल्यालाच हसताहेत. शिवाय मोबाइलची एक खोड आहे. तुम्ही काल भजी तळताना पाहिली की आज तो तुम्हांला भजीच दाखवतो, उद्या भजी, परवा भजी. 'अरे, याला आता जरा खीर देऊन बघू' असे त्याच्या मनात येत नाही, कारण त्याला मनच नाही. ते मन लागते. वाचनालयात एखादा चांगला ग्रंथपाल असतो. तुम्ही रहस्यकथा मागायला जाता आणि तो म्हणतो, "ही न्याच, पण बरोबर हेही वाचून बघा." बारमाही चित्रपटगृहाचे सगळे गमक असल्या माणसात आहे.

आज 'बायसिकल थीव्ह्ज' लावला, तर पुढच्या रविवारी काय लावायचे? मी परेश मोकाशींचा २०१४चा 'एलिझाबेथ एकादशी' लावीन. पंढरपूरची गोष्ट, घर कर्जात, पोरांची लाडकी सायकल विकायची पाळी, आणि ती वाचवायला पोरे एकादशीच्या गर्दीत बांगड्यांचे दुकान मांडतात. रोमची सायकल आणि पंढरपूरची सायकल एका आठवड्याच्या अंतराने पाहिली, की माणूस घरी जाताना आपोआप बोलू लागतो. महोत्सवात त्या दोहोंमध्ये सतरा चित्रपट घुसतात, आणि मोबाइलला त्यांची सोयरीक सुचत नाही. ती जुळवायला मध्यस्थ लागतो, आणि बोलायला मधे आठ दिवस लागतात.

आता वर्षभराचा कार्यक्रम सांगतो. तो मुंबईहून छापून आणता येणार नाही. तो आमच्या पंचांगातूनच निघाला पाहिजे.

गुढीपाडवा झाला की वैशाखापर्यंत घरात थांबवत नाही. तेव्हा रात्री उघड्यावर पडदा. ज्येष्ठात पेरणीची गडबड. पाऊस पडला तर पडदा आठवडाभर बंद, आणि नाही पडला तर रोज चालू, म्हणजे लोक निदान तीन तास आभाळाकडे बघायचे थांबतील. आषाढात 'संत तुकाराम', चपला ऐच्छिक. भाद्रपदात गणपतीच्या मंडपांचे कर्णे इतके जोरात असतात, की त्या दहा दिवसांत मूकपटच लावावेत : फाळके आणि चॅप्लिन. बाहेर वाजेल ते आपले पार्श्वसंगीत. अश्विनात मोहट्याच्या देवीची नवरात्राची यात्रा. होळीपासून पाडव्यापर्यंत मढीला कानिफनाथांची, जिथे गाढवांचा बाजार भरतो. यात्रेत तंबू ठोकायचा. तंबूतल्या सिनेमाची ही महाराष्ट्राची जुनी रीत. ट्रकवर प्रोजेक्टर लादून जत्रेमागून जत्रा करणाऱ्या या लोकांवर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट झाला, आणि २०१६ साली कान महोत्सवात त्याची खास दखल घेतली गेली. म्हणजे आमचे तंबू कानला पोचले. ज्यांनी तंबूत बसून सिनेमे पाहिले, त्यांच्यापर्यंत तो माहितीपट आणायला मात्र अजून एक ट्रक पाहिजे.

राहिले दिवाळीपासून पाडव्यापर्यंतचे महिने. इथे माझी थट्टा थांबते.

दिवाळी झाली की आमच्या तालुक्यातून ऊसतोडणीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे 'एक कोयता' म्हणतात. माणसे दोन आणि मोजणी एका अवजाराची. लेकरे, शेळ्या, भांडीकुंडी गाडीत घालून ही माणसे साखर कारखान्यांच्या शिवारात जातात, कोप्या घालून राहतात, आणि पट्टा पडला की उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. गावात उरतात म्हातारी माणसे, काही पोरे आणि आमच्यासारखे पेन्शनवाले. गावाचे निम्मे वर्ष असे निम्म्या माणसांत जाते.

'प्रेक्षक नसताना हिवाळ्यात कशाला चालवायचे?' असे कोणी विचारील. माझे म्हणणे, तेव्हाच तर चालवायचे! आजी-आजोबांपाशी राहिलेल्या पोरांना संध्याकाळी जायला एक उजेडाची जागा हवी. त्यांना 'श्यामची आई' दाखवा, 'किल्ला' दाखवा. आणि महिन्यातून दोनदा प्रोजेक्टर जीपमध्ये घालून कोप्यांवर न्या. उसाच्या फडाशेजारी पांढरे धोतर बांधले तरी पडदा होतो. टोळीवर गेलेल्याची त्या महिन्यांची वर्गणी माफ. पण खुर्ची त्याचीच, तिच्यावर दुसऱ्याने रुमाल टाकायचा नाही.

आमच्यावर चित्रपट निघत नाहीत अशी तक्रार आता कोणी करू नये. नागराज मंजुळ्यांचा २०१३चा 'फँड्री' नगरजवळच्या अकोळनेरात घडतो. भाऊराव कऱ्हाडे आमच्याच जिल्ह्यातले. त्यांनी जमीन विकून मेंढपाळांवरचा 'ख्वाडा' काढला, आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्याची नोंद झाली. आमची वस्ती, आमची डुकरे, आमची मेंढरे, आमचे दगड, सगळे पडद्यावर गेले. पण असा चित्रपट आला तरी थिएटरात आठवडाभर टिकायची मारामार, आणि त्या आठवड्यात नेमका आमचा माणूस फडात. महोत्सवात त्याची गोष्ट संपल्यावर दिवे लागतात, माइक फिरतो, कोणी उठून विचारतो, 'या माणसांच्या जीवनातील शोषणाची संरचना आपल्याला कशी दिसली?' त्या माणसाला विचारा की! तो सांगेल. त्याने फक्त स्वतःला पडद्यावर पाहिलेले नाही, एवढीच अडचण आहे.

'पथेर पांचाली'च्या शेवटी एक कुटुंब पिढ्यांचे घर सोडून बैलगाडीत बसून निघते. १९५५ साली सत्यजित रायांनी ते दाखवले आणि जग रडले. आमच्या रस्त्यावरून दर दिवाळीनंतर अशा गाड्या निघतात, आणि आम्ही 'जरा बाजूला घ्या' म्हणून हॉर्न वाजवतो. हा चित्रपट मी टोळ्या निघायच्या आठवड्यात लावणार नाही. तेवढा निर्दय मी नाही. मी तो टोळ्या गेल्यानंतरच्या रविवारी लावीन, मागे राहिलेल्या आम्हां हॉर्नवाल्यांसाठी. आणि पाडव्यानंतर पुन्हा लावीन, परत आलेल्यांसाठी. त्या रात्री चर्चा त्यांनी करायची, आम्ही ऐकायची. असे वर्षात दोनदा, दोन प्रेक्षकांना, एकच चित्रपट दाखवणे टँकरला जमत नाही.

हे सगळे ऐकून वकीलसाहेब म्हणाले, "एक समिती नेमू." व्यापारी म्हणाले, "जागेचं बघू." पुतण्या मोबाइलवर हसला; मला की दुसऱ्या कोणाला, ते कळले नाही. कोपऱ्यावरचे भजीवाले मात्र कढईतला झारा तसाच धरून शेवटपर्यंत ऐकत होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला :

"सर, मध्यंतर असंल ना?"

कलात्मक चित्रपटांना पुष्कळदा मध्यंतर नसते. जाणकार मंडळी त्याबाबत फार काटेकोर असतात. मी क्षणाचाही विचार न करता सांगितले, "दोन ठेवू."

"मग लिहा माझं नाव," ते म्हणाले आणि हात पुसून त्यांनी पन्नासाची नोट काढली. पावतीपुस्तक अजून छापलेले नाही, म्हणून पावती मी त्यांच्याच कागदावर लिहून दिली. तेलाचा डाग पडलाय, पण नंबर स्वच्छ वाचता येतो. सभासद क्रमांक एक. दोन ते तीनशे शिल्लक आहेत.